आमचं रक्त बर्फात घालून कायले नेलं?

प्रश्न: ताई, मागच्या महिन्यात गावात संशोधनवाले आले होते. सकाळी उपाशी बोलावलं, जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त घेतलं अन् बर्फाच्या डब्यात घालून नेलं. मास स्पेक्ट्रोमीटरवर चरबी पाहतो म्हणे. लिपिड प्रोफाईल तर मी तालुक्याले केलं होतं, मंग हे वेगळं काय? अन् रिपोर्ट मले भेटंल का?
– एक शेतकरी, आर्वी तालुका

उत्तर: दादा, जिनिंगवर अख्ख्या गावाच्या कापसाचा एकच काटा केला तर कोणाचा किती ते कळत नाही, लिपिड प्रोफाईलमधला ट्रायग्लिसराइडचा (रक्तातल्या चरबीचा एक प्रकार) आकडा तसा असतो, सगळ्यांची मिळून एक बेरीज. मास स्पेक्ट्रोमीटर एकेका रेणूचं वजन पाहतो. २०१० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी प्लाझ्माच्या, म्हणजे पेशी काढल्यावर उरणाऱ्या रक्ताच्या पातळ भागाच्या, एका प्रमाणित नमुन्यात जवळपास ६०० लिपिड, म्हणजे चरबीचे वेगवेगळे रेणू, मोजले होते!

रक्त सेंट्रीफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरणाऱ्या मशीनमध्ये, फिरवलं की लाल पेशी खाली बसतात अन् वर पिवळसर प्लाझ्मा राहतो, त्यात क्लोरोफॉर्म-मिथेनॉल ही चरबी विरघळवणारी रसायनं घालून चरबी वेगळी काढतात, मग बारीक सुईतून विजेच्या दाबाखाली तिचा फवारा मारतात, थेंब वाळतात अन् विद्युतभारित रेणू मशीनमध्ये जातात. फॉस्फॅटिडिलकोलीन नावाच्या चरबीचे दोन भाऊ घ्या, वजनाच्या मापावर एक ७६० वर दिसतो, दुसरा ७५८ वर. फरक फक्त एका दुहेरी बंधाचा, दोन हायड्रोजन कमी. फोडले की दोघांतूनही १८४ चा तुकडा निघतो, त्यावरून दोघं एकाच घरचे हे समजतं.

उपाशी यायला सांगतात ते उगाच नाही. मी लॅबमध्ये होते तेव्हा एका काकांचा प्लाझ्मा ताकासारखा पांढरा आला, विचारलं तर म्हणाले, बाई, थोडे तर्री पोहे खाल्ले. जेवणातलं तेल रक्तात उतरलं होतं. काका सायकल मारत आले होते, तरी नमुना बाद करावा लागला, फार वाईट वाटलं मला. अन् बर्फ यासाठी की ट्यूबमध्येही एन्झाइमचं, म्हणजे रेणू तोडण्या-जोडण्याचं काम करणाऱ्या प्रथिनांचं, काम चालूच असतं, नमुना गरम राहिला तर काही लिपिड तुटतात अन् आकडे बदलतात.

रिपोर्टचं म्हणाल तर अशा अभ्यासात तो प्रत्येकाला मिळेलच असं नाही. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करायची की नाही हे ठरवताना डॉक्टर साधं लिपिड प्रोफाईल अन् तुमची बाकी तब्येत पाहतात, या मशीनचा रिपोर्ट नाही, तो कागद जपून ठेवा. सही केलेल्या संमतीपत्राची प्रत तुमच्याकडं असायला पाहिजे, नसेल तर मागा, त्यावर फोन नंबर असतो, तिथं बिनधास्त विचारा. अन् त्या दिवशी रक्त द्यायच्या आधी दुधाचा चहा घेतला असेल तर तेही त्यांना आत्ताच सांगून टाका.