भाऊ गेल्यापासून देवाचा राग येतो, तरी संध्याकाळी पाय देवळाकडे वळतात. हे ढोंग आहे का?

तुम्ही लिहिलंय की भाऊ अपघातात जाऊन पाच महिने झाले, घरी येणारा प्रत्येक जण 'देवाची इच्छा' म्हणतो तेव्हा तुमच्या डोक्यात तिडीक जाते, आणि तरी दिवस कलला की देवळात जाऊन बसावंसं वाटतं, मग हे ढोंगच नाही का. माझ्या मते नाही. का ते सांगतो, जरा लांबेल, मोबाईलवर टाईप करतोय तर चुका सांभाळून घ्या.

मी लातूरकडचा. किल्लारीपासून जवळचंच गाव, नाव सांगत नाही, लहान गाव आहे, लगेच कळेल कुणाचा पोरगा ते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, किल्लारीचा भूकंप. मी तेव्हा १२ वर्षांचा. रात्री गणपती बुडवून आलो होतो, गुलाल अजून कानात होता. मंडळाच्या सतरंज्या आणि भोंगा राखायला आम्ही चार-पाच पोरं मांडवातच झोपलो. माझी बहीण आठ वर्षांची, तिलाही आमच्यासोबत थांबायचं होतं, रडायला लागली, तर मी तिला दटावलं, 'पोरींचं काय काम हितं, जा आईपाशी.' ती गेली.

एवढंच आहे खरं तर. पुढचं सगळं या एका वाक्यापाशी येऊन अडकतं माझं.

आमच्याकडची जुनी घरं ज्यांनी बघितलीत त्यांना माहितीये, दोन-दोन, अडीच फुटाच्या भिंती, दगड आणि मातीच्या, वर माळवद, म्हणजे लाकडाचं सपाट छत, माळवदावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार लागायचं. ते सगळं खाली आलं. तात्या, म्हणजे माझे वडील, रानात जागलीला होते म्हणून वाचले. आज्जी ओसरीवर झोपायची, कंबरेपर्यंत गाडली गेली, पण लोकांनी उकरून काढली. आई आणि बहीण आतल्या खोलीत होत्या. लातूर आणि तेव्हाचं उस्मानाबाद मिळून सरकारी आकडा ७,९२८ मृत्यूंचा आहे, ५२ गावं पुन्हा दुसऱ्या जागी वसवावी लागली. आकडा मोठा आहे पण मला त्यातले दोनच मोजता येतात. वरून पाऊस लागला. लाकूड आणायचं कुठून, तर पडलेल्या घरांच्याच तुळया ओढून काढल्या आणि त्यांचीच सरणं रचली. ज्या तुळईला बहिणीचा पाळणा टांगलेला असायचा ती मी ओळखली होती. कुणाला बोललो नाही.

मग सुरू झालं लोकांचं. 'बाप्पानं वाचवलं बघ तुला, त्याच्या मांडवात झोपलास म्हणून.' चांगल्या मनानी म्हणायचे, मी कुणाला दोष देत नाही, पण ते ऐकलं की माझ्या पोटात ढवळायचं. कारण तीसुद्धा मांडवातच थांबते म्हणत होती ना. तिला घरी कुणी पाठवलं? मी. मग बाप्पानी काय केलं, मला ठेवलं आणि माझ्याच तोंडून तिला पाठवलं? असला देव मला नको होता. आजही नकोय. दुसरे काही म्हणायचे पाप वाढलं होतं म्हणून झालं. आठ वर्षांच्या पोरीनं कसलं पाप केलं हे काही कुणी सांगितलं नाही. तुमच्या 'देवाची इच्छा'वाल्यांचं पण तेच आहे, त्यांना तुमच्यासमोर गप्प बसायला अवघड जातं म्हणून ते काहीतरी बोलतात. देवाचा आणि त्या वाक्याचा तसा काही संबंध नसतो.

पुढची काही वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये गेली. उन्हाळ्यात भट्टी, पावसाळ्यात एवढा आवाज की बोललेलं ऐकू येत नाही. आमच्या भागातली साधारण १,२०० पोरं भारतीय जैन संघटनेनी पुण्याला शिकायला नेली, माझंही नाव घालायचं चाललं होतं पण आज्जीनं सोडलं नाही. आज्जी माळकरी. वर्षानुवर्षं पंढरीची वारी केलेली बाई. सून गेली, नात गेली, पाय धड राहिला नाही, आणि शेडमध्ये आल्यापासून दिवे लागायच्या वेळेला ही बाहेर पोतं टाकून बसायची आणि हरिपाठ म्हणायला लागायची. टाळ गाडले गेले होते, तर हातावर हात वाजवायचा. सुरुवातीला एकटीच, मग शेजारच्या शेडमधली एक म्हातारी, मग दोन गडी, महिन्याभरात पंधरा-वीस माणसं.

मला भयंकर संताप यायचा. एकदा सगळ्यांसमोर ओरडलो तिच्यावर, 'कशाला नाव घेतीस त्याचं, काय दिलं त्यानं तुला?' लोक म्हणाले पोराला गप करा. आज्जी काही चिडली नाही, तिनं मला ज्ञान वगैरे पण दिलं नाही. म्हणाली, 'मग दिवस मावळल्यावर करू काय रं मी?'

तेव्हा मला वाटलं म्हातारीकडे उत्तर नाही. पुढं आठ वर्षं मी असंच समजत होतो.

दहावीनंतर सिव्हिलचा डिप्लोमा केला, लातूरलाच. मुद्दाम. मला बघायचं होतं की भिंत का पडली. आणि ते कळलं. जाड भिंत म्हणजे मजबूत हे आपलं वाटणं आहे, नुसत्या चिखलात रचलेले दगड आतला एक थर आणि बाहेरचा एक, मधे सगळी भर, दोन्ही थर एकमेकांना बांधणारा लांब दगडच नाही, हलवलं की दोन्ही बाजूंना सुटतात आणि वरचं ओझं बदकन खाली. काही घरांमध्ये माळवद लाकडी खांबांवर होतं, तिथं भिंती ढासळल्या तरी खांब उभे राहिले आणि आतली माणसं वाचली. म्हणजे कुणाच्या घरात खांब होते नि कुणाच्या नव्हते एवढ्यावर गेलं ते. पाप नाही, कोप नाही. मी तर म्हणतो देवाची निम्म्या आरोपातून सुटका सिव्हिलच्या पुस्तकानी केली. उरलेला निम्मा, म्हणजे रात्रीच का, त्याच रात्री का, तिला मी जा का म्हणालो, हे कुठल्या पुस्तकात नाही आणि पोथीतही नाही, दोन्हीकडं शोधून झालंय.

मग २००१, २६ जानेवारी, कच्छचा भूकंप. आम्ही डिप्लोमावाली काही पोरं मदतीला गेलो. भुजच्या पुढचं एक गाव. दिवसभर काम असतं हो, दगड उचला, ताडपत्री बांधा, पाण्याच्या टँकरची लाईन लावा, माणूस त्यात असतो. पण सूर्य खाली गेला की सगळ्या तंबूंवर असं काहीतरी उतरायचं की मला पळून जावंसं वाटायचं. स्वयंपाक दुसऱ्यांनी केलेला, घर नाही तर दार लावायचं नाही, गुरं नाहीत तर बांधायची नाहीत. बायका नुसत्या हात मांडीवर ठेवून बसलेल्या. आणि मला एकदम आज्जीचं ते वाक्य आठवलं. ती मला चिडून उलट विचारत नव्हती, ती खरंच सांगत होती मला. दिवसाला काम असतं. दिवस मावळल्यावर काय करायचं हाच तर प्रश्न आहे.

काय झालं मला माहीत नाही, मी तिथंच खाली बसलो आणि हरिपाठ म्हणायला लागलो. मी! सात-आठ वर्षं देवाला हात न जोडलेला. पाठ कधी केला नव्हता, पण पत्र्याच्या आड झोपून इतकी वर्षं कानावर पडला होता की सगळा येत होता, मधले दोन-तीन अभंग पुढं-मागं झाले असतील. तिथल्या लोकांना मराठीचं काय कळणार. माझं संपल्यावर एका म्हाताऱ्यानं त्यांच्यातलं भजन धरलं, बायकांनी उचललं, ते मला कळलं नाही. बराच वेळ चाललं. रात्री मी तंबूमागं जाऊन रडलो, १९९३ नंतर पहिल्यांदा. बहिणीचं नाव घेऊन रडलो.

तुम्ही विचाराल की त्या दिवशी देव भेटला का. तसलं काही नाही, प्रकाश वगैरे दिसला नाही. परत आल्यावर आज्जीशेजारी पोत्यावर बसायला लागलो इतकंच. तीपण काही बोलली नाही, थोडं सरकून जागा दिली.

नंतर कीर्तनं ऐकायला लागलो तेव्हा तुकोबांचं नीट कळलं. १६३० च्या आसपासचा तो मोठा दुष्काळ, त्यात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दुकान बसलं, दिवाळं निघालं. आपण फोटोत बघतो ते शांत तुकोबा नंतरचे. गाथा उघडून बघा, तो माणूस विठ्ठलाशी काय काय भांडलाय, अक्षरशः शिव्या घातल्यात, आणि वारकऱ्यांनी ते अभंग लपवून नाही ठेवले, टाळ वाजवत म्हणतात. मला याचं फार बरं वाटलं. रागावून देवळात जायची आपल्याकडं चांगली तीन-चारशे वर्षांची परंपरा आहे, तुम्ही काही नवीन ढोंग काढलेलं नाही. मात्र 'बरे झाले देवा निघाले दिवाळे' हे जे त्यांनी म्हटलंय ते माझ्याच्यानं आजही म्हणवत नाही. त्या ओळीला मी गप्प बसतो, टाळ चालू ठेवतो. बरं झालं असं मी कधी म्हणणार नाही आणि मला नाही वाटत विठ्ठलाला त्याचं काही वाईट वाटत असेल.

एक-दोन गोष्टी मात्र जपून. अशा वेळी घरात शांती करा, दोष आहे, अमुक नारायण नागबळी करा सांगणारे येतात. आमच्याकडं पण आले होते, नुकसानभरपाईचा चेक वटायच्या आधी आले होते. आईला किंवा वहिनीला मनाचं समाधान म्हणून काही करायचं असेल तर करू द्या, पण 'तुमच्यातच दोष होता म्हणून गेला' असं म्हणणाऱ्याला चहासुद्धा देऊ नका. आणि दुसरं, झोप लागत नसेल, सारखा तोच प्रसंग डोळ्यापुढं येत असेल तर डॉक्टरला दाखवा, त्यात कमीपणा नाही. आमच्या तात्यांना हरिपाठ लागू पडला नाही, त्यांना गोळ्या लागल्या, त्यांनी ते कित्येक वर्षं उशिरा केलं हे चुकलं. तात्या आजही देव मानत नाहीत. नव्या गावात सगळं सरळ रेषेत आहे, रुंद रस्ते, एकसारखी घरं, जमिनीप्रमाणं कुणाला २५० स्क्वेअर फूट, कुणाला ४५०, कुणाला ७५०, पण तात्यांचा जीव तिथं रमला नाही कधी. ते रोज सकाळी चालत जुन्या गावठाणात जातात, आमच्या घराच्या जागेवर बाभळी माजल्यात, तिथं एक लिंब लावलाय त्यांनी, त्याला पाणी घालतात आणि येतात. मी त्यांना कधी म्हटलं नाही की माझ्यासोबत भजनाला चला. त्यांचं सकाळचं आहे, माझं संध्याकाळचं.

आज्जी २००९ मध्ये गेली. तिची माळ मी घातली नाही, मला अजून मटण सोडवत नाही, खोटं कशाला बोलू, पेटीत ठेवलीय.

तुम्ही देवळात जाऊन बसता तेव्हा नेमकं काय करता ते लिहिलं नाहीये. काही नाही केलं तरी चालतं. राग आला असेल तर रागातच बसा. कुणी विचारलं तर सांगा की दिवस मावळलाय म्हणून आलोय.

आमच्या घरी गणपती बंदच होता. माझी मुलगी पाच वर्षांची झाली तेव्हा शाळेतून येऊन हट्ट धरला, सगळ्यांकडं आहे, आपल्याकडंच का नाही. मी तीन दिवस टाळलं. मग तिला आत्याचं सांगितलं, लहान मुलीला सांगता येईल तेवढं, आणि चौथ्या दिवशी जाऊन मूर्ती बुक करून आलो. तेव्हापासून दरवर्षी बसतो, दहा दिवसांचा. मुलगी आता कॉलेजला आहे, मिरवणुकीत नाचून उशिरा येते, कुठंही थांबते म्हणाली तरी मी जा म्हणत नाही. फक्त विसर्जनाच्या रात्री मी झोपत नाही. बाल्कनीत खुर्ची टाकून बसतो, हरिपाठ झाला तर झाला, नाहीतर नुसताच. चार वाजून गेले की चहा करतो आणि मग आडवा होतो.