३ मोलल मिठाच्या द्रावणात युरेनिलचा (अधिक २ प्रभाराचा युरेनियम-ऑक्सिजन आयन) अ‍ॅक्टिव्हिटी कोइफिशियंट, म्हणजे गॅमा (आयनची परिणामकारक संहती काढायचा गुणक), डेव्हिस समीकरणाने ३.४८ येतोय. कुठे चुकतंय?

तुमची आकडेमोड बरोबर आहे, समीकरण चुकीच्या जागी वापरलंय. डेव्हिसमधलं ‘०.३ गुणिले आयनिक स्ट्रेंथ’ (द्रावणातल्या सगळ्या आयनांची संहती आणि प्रभार यांचं एकत्रित माप) हे पद सगळ्या आयनांना एकच असतं, समोर क्लोराईड असो की परक्लोरेट. वर त्याला प्रभाराच्या वर्गाने गुणायचं. त्यामुळे आयनिक स्ट्रेंथ ०.५ च्या पुढे गेली की त्याच्यावर विसंबूच नये. उणे ४ प्रभाराच्या युरेनिल ट्रायकार्बोनेटला तेच लावलंत, तर गॅमा चक्क १४७ येईल.

इथे एसआयटी, म्हणजे विशिष्ट आयन परस्परक्रियेचं मॉडेल वापरा:

लॉग गॅमा = −(प्रभार)² × डी + एप्सिलॉन × विरुद्ध प्रभाराच्या आयनची मोललता
डी = ०.५०९√आ ÷ (१ + १.५√आ)

‘आ’ म्हणजे आयनिक स्ट्रेंथ, एप्सिलॉन म्हणजे त्या आयन-जोडीचा परस्परक्रिया गुणांक, तापमान २५ अंश सेल्सिअस. विरुद्ध आयन एकापेक्षा जास्त असतील तर प्रत्येकाचं पद मिळवायचं. आ = ३ ला डी ०.२४५. युरेनिल–क्लोराईडचा एप्सिलॉन ०.२१ घेतला की लॉग गॅमा = −०.९८ + ०.६३ = −०.३५, म्हणजे गॅमा ०.४५. परक्लोरेटमध्ये एप्सिलॉन ०.४६, तिथे गॅमा २.५ होतो. आणि तो ट्रायकार्बोनेट? सोडियमसोबत एप्सिलॉन −०.०१, गॅमा साधारण ०.०००१. डेव्हिसपेक्षा दहाच्या सहा घातांचा फरक!

सगळ्यात जास्त घोळ होतो तो एप्सिलॉन निवडताना. ०.२१ हा आकडा क्लोराईडशी कॉम्प्लेक्स (दोन आयन जोडून बनलेला वेगळा घटक) होतच नाही असं धरून काढलेला आहे. तुमच्या मॉडेलमध्ये युरेनिल क्लोराईडचे कॉम्प्लेक्स वेगळे लिहिलेले असतील (पहिल्याचा लॉग के, म्हणजे तो बनण्याच्या समतोल स्थिरांकाचा लॉग, फक्त ०.१७), तर क्लोराईडसाठीही ०.४६ च घ्यायचा. नाहीतर तेच आकर्षण दोनदा मोजलं जातं आणि मोकळं युरेनिल कमी दिसतं. नायट्रेटच्या ०.२४ चंही हेच. डेटाबेसमध्ये कॉम्प्लेक्स आहेत का, हे आकडा भरण्याआधी उघडून बघा.

दुसरं, मोलर (लिटर द्रावणामागे मोल) आणि मोलल (किलो पाण्यामागे मोल). ३ मोलर सोडियम परक्लोरेट म्हणजे ३.५ मोलल. ट्रायकार्बोनेटचा लॉग बीटा (तो बनण्याच्या एकूण स्थिरांकाचा लॉग) या द्रावणात मोलरवरून मोललवर नेताना ०.२० ने घटतो.

पडताळणीही जपून करा. युरेनिल अधिक तीन कार्बोनेट या अभिक्रियेत प्रभारांच्या वर्गांचा हिशेब १६ − ४ − १२ = ० होतो. म्हणून डेव्हिसच्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि उत्तर बरं दिसतं. कार्बोनेटऐवजी बायकार्बोनेट आणि हायड्रोजन आयन घेऊन तीच अभिक्रिया लिहा. तिथे हिशेब १२ येतो आणि चूक लगेच उघडी पडते.

एसआयटी साधारण ३.५ मोललपर्यंत चालतं. त्यापुढच्या संपृक्त खाऱ्या पाण्यासाठी पिट्झर मॉडेलच लागेल.