एएसएमटी-१० आली म्हणजे धाड पडली असं नाही

दादा, तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. अंबडच्या वर्कशॉपला राज्याच्या जीएसटी खात्याची एएसएमटी-१० (रिटर्नमधली तफावत विचारणारी नोटीस) आलीय, तिचं काय करायचं? आणि जीएसटी दिल्लीचा, मग पाथर्डी फाट्याचं राज्याचं ऑफिस का विचारतंय?

दुसरं आधी. हे आपलं जुनं विक्रीकर खातंच. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि करदाते वाटले गेले: दीड कोटीपर्यंत उलाढालीचे ९० टक्के राज्याकडे, त्यावरचे निम्मे-निम्मे. तुम्ही कोणाच्या वाट्याला, ते पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये नंबर टाकला की दिसतं. राज्याच्या वाट्याला असाल तर रिटर्न तपासणारा राज्यकर अधिकारी, वर उपायुक्त, सहआयुक्त, आणि सगळ्यांवर माझगावचे राज्यकर आयुक्त. दर मात्र ते ठरवत नाहीत. ते काम जीएसटी परिषदेचं. तिथं केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, राज्यांचं दोन तृतीयांश. तेव्हा १८ टक्क्यांवरून टेबलापलीकडच्या साहेबांशी हुज्जत घालू नका.

आता नोटीस. नव्वद टक्के वेळा घोळ एकच, ३बीत (कर भरायच्या रिटर्नमध्ये) घेतलेलं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) २बीशी (सप्लायरांच्या रिटर्नवरून पोर्टल बनवतं तो तक्ता) जुळत नाही. माझ्याकडच्या एका पार्टीचे ४३,२०० रुपये असेच अडकले होते. माल आला, पैसे दिले, बिल फायलीत. सप्लायरच्या पोराने ते बिल बी-टू-बी (नोंदणीकृत धंद्याला विक्री) ऐवजी बी-टू-सीत (साध्या गिऱ्हाइकाला विक्री) टाकलेलं, म्हणून ते २बीत आलंच नाही! ऑक्टोबरात मेळ घालताना सापडलं म्हणून वाचलो, कारण पुढच्या आर्थिक वर्षातल्या ३० नोव्हेंबरनंतर दुरुस्ती करता येत नाही. १ जानेवारी २०२२ पासून तर २बीत नाही ते क्रेडिट मिळतच नाही.

उत्तर एएसएमटी-११ मध्ये द्यायचं, नोटिशीत लिहिलेल्या मुदतीत (जास्तीत जास्त ३० दिवस). जेवढी चूक खरी तेवढी रक्कम डीआरसी-०३ ने (स्वतःहून कर भरायचा फॉर्म) भरा, बाकीच्याचा बिलवार तक्ता जोडा. पटलं तर एएसएमटी-१२ येते आणि विषय संपतो. गप्प बसलात तर कर वसुलीची कारवाई: कलम ७३ किंवा ७४, आणि २०२४-२५ पासूनच्या वर्षांना ७४ए. 'साहेबांशी ओळख आहे' म्हणणाऱ्याला चहा पाजा, फी देऊ नका.

नोटिशीत वर्ष कोणतं आहे तेवढं सांगा, म्हणजे सप्लायरच्या मागे लागण्यात अर्थ आहे का ते कळेल.