खोबरेल घातलेलं मशीन आणि तेलपाण्याचे बाकीचे प्रश्न

नवरात्र जवळ आलं की कोपऱ्यातलं शिलाई मशीन पुढे येतं, कुणाचा घागरा सैल करायचा असतो, कुणाच्या साडीला फॉल लावायचा असतो, आणि नेमकं तेव्हाच ते कुरकुर करायला लागतं. या वेळी आलेली बरीचशी पत्रं साफसफाई आणि तेल याबद्दलचीच होती, म्हणून अख्खं सदर त्यालाच देतेय.

प्रश्न : ताई, माझ्याकडे सासूबाईंचं काळं पायमशीन आहे. दोन वर्षं बंद होतं, जड चालत होतं म्हणून घरात होतं ते खोबरेल तेल सगळ्या भोकांत घातलं. चार दिवस मस्त चाललं, आता चाक हलतच नाही. मिस्त्री म्हणाला जुनं झालंय, नवीन घ्या. खरंच टाकून द्यावं लागेल का? (संगमनेर)

उत्तर : अजिबात टाकू नका, अशा मशीनचं लोखंड इतकं दणकट असतं की दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या हाताखाली सुद्धा ते तितकंच छान शिवतं. तुमचं मशीन मोडलेलं नाही हो, चिकटलंय. खोबरेल थंडीत बाटलीत कसं गोठतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, मशीनच्या आत पण ते तसंच गोठतं, आणि गोठलं नाही तरी हळूहळू हवेने घट्ट होत जातं, त्यात कापडाची बारीक कसपटं मिसळली की डिंकासारखा थर बनतो. गोडंतेल, मोहरीचं, एरंडेल, सगळ्यांचं हेच. खाण्याचं किंवा केसांचं तेल मशीनला चालत नाही म्हणजे नाहीच.

आता दुरुस्ती. आधी पट्टा चाकावरून उतरवा, म्हणजे हेड (वरचं मशीन) आणि खालचं स्टँड वेगळं होईल आणि नक्की कुठे अडकलंय ते कळेल. मग बॉबिन केस (खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी) काढून शटलमध्ये, म्हणजे ती ज्यात बसते त्या फिरत्या भागात, दोऱ्याचा तुकडा अडकलाय का बघा, कारण चाक जाम होण्यामागे तेलापेक्षा जास्त वेळा दोराच असतो. तिथे काही नसेल तर रॉकेल. मिळत असेल तर थोडंसं रॉकेल ड्रॉपरने किंवा रिकाम्या निमुळत्या बाटलीतून प्रत्येक भोकात दोन-तीन थेंब, हेड मागे कलतं करून खालच्या सगळ्या सांध्यांवर पण, आणि अर्धा तास तसंच ठेवा. मग चाक पुढे-मागे थोडं थोडं हलवायचं, जोर लावायचा नाही, पक्कड तर मुळीच लावायची नाही. नाही हललं तर परत थेंब आणि रात्रभर थांबा, कधी कधी दोन-तीन दिवस लागतात, लागू द्या. हेअर ड्रायर असेल तर रॉकेल घालायच्या आधी त्या भागाला गरम हवा द्या, चिकटलेलं तेल मऊ पडतं, पण रॉकेल घातल्यावर ड्रायर लांब ठेवा. आणि नवरात्रात घरात अखंड दिवा असतो, तेव्हा हे काम गॅलरीत किंवा अंगणात करा, खोलीत नको. पेट्रोल वापरू नका, ते फार पटकन पेट घेतं आणि रंगही खराब होतो.

रॉकेल मिळतच नसेल तर मशीनचं तेलच भरपूर घालून गरम हवा देत देत हेच करा, वेळ जास्त लागेल पण सुटतं.

चाक सुटलं की बाहेर येणारं काळं-तपकिरी पाणी जुन्या सुती कापडाने पुसत राहा, कापड स्वच्छ निघेपर्यंत. रॉकेलने मळ निघतो पण ते वंगण नाही, त्यामुळे लगेच मशीनचं तेल घालायचं, तसंच कोरडं चालवलं तर धातू घासला जातो. अजून एक सांगते, मशीनवर सोनेरी वेलबुट्टी असेल तर तिथे स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका, जुन्या मशीनचं पॉलिश त्याने विरघळतं आणि नक्षी एकदा गेली की परत येत नाही. नुसतं थोडं तेल लावून मऊ कापडाने पुसा, बघा कशी चमकते.

प्रश्न : तेल नक्की कुठे कुठे घालायचं? युट्यूबवर प्रत्येक जण वेगळं सांगतो. आणि किती दिवसांनी? (पुणे)

उत्तर : कारण प्रत्येकाचं मशीन वेगळं असतं. एक गोष्ट करून बघा, दोरा काढून टाका, मशीनचा पाय (सुईजवळ कापड दाबून धरतो तो) वर उचला आणि चाक हाताने अगदी हळू फिरवत मशीनकडे नुसतं बघत बसा. जिथे धातूवर धातू घासतो तिथे एक थेंब हवा. एकच.

काळ्या मशीनला, मग उषा असो की सिंगर, वरच्या दांड्यावर तेलाची छोटी भोकं दिसतील, चाकाजवळ एक असतं. डाव्या बाजूची पाटी स्क्रू काढून उघडली की सुईचा दांडा, पायाचा दांडा आणि दोरा वर-खाली करणारा तो हात, या तिघांचे सांधे दिसतात, तिथे थेंब. मागच्या बाजूला गोल झाकण असतं, ते फिरवून आत बघा, मोठे जोडकाम तिथेच आहे आणि तिथेच लोक विसरतात. मग पट्टा उतरवून हेड मागे कलतं करा, खालचे दोन आडवे दांडे जिथे जिथे टेकतात तिथे. शटल जिथे फिरतं त्या कडेला. आणि पायमशीन असेल तर खालच्या मोठ्या चाकाचा मधला भाग, पायट्याचे दोन्ही टोकांचे सांधे आणि उभा दांडा, हे तर कुणी बघतच नाही आणि मग म्हणतात गुडघे दुखतात.

कुठे घालायचं नाही ते पण ऐका. पट्ट्यावर नको, घसरतो. बॉबिन भरायच्या छोट्या रबराच्या चाकावर नको. दोऱ्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांमध्ये नको. मोटर बसवली असेल तर मोटरवर नको, आणि तेल घालताना प्लग काढलेला असला पाहिजे.

तेल म्हणजे पाण्यासारखं पातळ, बिनरंगाचं शिलाई मशीनचंच. सायकलचं, गाडीचं ऑइल जाड असतं. गंज सोडवणारा स्प्रे येतो तो बराचसा उडून जातो, त्याने मशीन एक दिवस हलकं वाटतं आणि नंतर जास्तच कोरडं पडतं.

रोज पाच-सहा तास शिवत असाल तर शटलला रोज एक थेंब आणि बाकी सगळीकडे आठवड्यातून एकदा. अधूनमधून शिवत असाल तर आठ-दहा तासांचं शिवण झालं की एकदा, आणि शिवलंच नाही तरी दोन-तीन महिन्यांनी. तेल घातल्यावर दोरा न ओवता, पाय वर ठेवून दोन मिनिटं चालवा, मग चिंधीवर शिवून बघा, आणि रात्री पायाखाली चिंधी दाबून ठेवा, उतरलेलं तेल ती शोषून घेते.

प्रश्न : मी जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवते, ऑर्डर असतात. हल्ली कापड पुढेच सरकत नाही, टाके मध्येच सुटतात. रोज तेल घालते तरी फरक नाही. (सातारा)

उत्तर : तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे ताई, तेल रोज घालताय पण साफ कधी करता ते लिहिलंच नाही. जुन्या सुती साडीतून जितका कापूस झडतो तितका नव्या कापडातून झडत नाही, आणि तो सगळा सुईखालच्या प्लेटखाली जाऊन बसतो. वरून रोज तेल पडलं की तो भिजून दाबला जातो आणि कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या मधे नमद्यासारखा घट्ट थर तयार होतो. मग दाते वर येऊच शकत नाहीत, कापड सरकणार कसं. म्हणजे आधी झाडायचं, पुसायचं, मग तेल. हा क्रम उलटा केला की तेलच मळ धरून ठेवतं.

सुई आणि पाय काढा, प्लेटचे दोन स्क्रू काढून वाटीत ठेवा. दात्यांच्या फटीतला थर ब्रशने निघणार नाही, बोथट सुईने किंवा क्रोशाच्या बारीक सुईने उचकटा, पूर्ण पट्टी निघते, बघून तुम्हालाच आश्चर्य वाटेल. मग शटल. सुईचा दांडा सगळ्यात वर असेल असं चाक फिरवा, बॉबिन केस काढा, शटलच्या कड्याच्या दोन्ही बाजूंचे छोटे खटके बाहेर ढकला म्हणजे कडं सुटतं (काही जुन्या मशीनला खटक्यांऐवजी स्क्रू असतात), आणि मधल्या खिळीला धरून अर्धचंद्रासारखं शटल बाहेर घ्या. प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढा, परत बसवताना तेच कामाला येतात. आतलं घर कोरड्या कापडाने पुसा, एक थेंब, परत बसवा. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ जाते आणि कापूस अजून आत सरकतो.

गोधडीवाल्यांनी हे रोज संध्याकाळी करायचं, सवय झाली की दहा मिनिटांचं काम आहे. आणि सुई. टाके सुटण्याचं दुसरं कारण बोथट सुई. गोधडीला 16 किंवा 18 नंबर लावा आणि साधारण आठ तासांच्या शिवणानंतर बदला. ती मोडेपर्यंत वापरायची ही आपल्याकडची सवय फार नुकसान करते, कारण बोथट किंवा वाकलेली सुई शटलच्या टोकाला घासली की तिथे खरखरीत ओरखडा पडतो आणि मग दोरा सारखा तुटायला लागतो.

प्रश्न : साफसफाई केल्यापासून कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे गुच्छ येतायत. बॉबिन केसचा स्क्रू बराच पिळून बघितला. काही बिघडवलं का मी? (ठाणे)

उत्तर : नाही, पण तो स्क्रू आता परत सैल करा. गुच्छ खाली दिसतो म्हणून सगळे बॉबिनला दोष देतात, खरं तर वरच्या दोऱ्याला ताण मिळत नाही म्हणून तो खाली लोंबतो. पाय वर उचला (तेव्हाच टेन्शनच्या चकत्या सुटतात) आणि मलमलीची पट्टी चकत्यांच्या मधून दोन-चारदा ओढा, कापसाचा तुकडा किंवा तेलाचा थेंब तिथे अडकला असेल तर निघेल. मग पाय वरच ठेवून दोरा पहिल्यापासून ओवा. पाय खाली ठेवून ओवला तर दोरा चकत्यांच्या मधे शिरतच नाही. बॉबिन केसचा स्क्रू नंतर असा बघा, दोरा धरून केस लोंबकळत ठेवली तर ती आपोआप घसरू नये, आणि हलका झटका दिला की थोडीशी खाली यावी.

प्रश्न : नवीन पांढरं ऑटोमॅटिक मशीन घेतलंय, दुकानदार म्हणाला याला तेल लागत नाही. खरं का? (नाशिक)

उत्तर : सोबत आलेल्या पुस्तिकेत जे लिहिलंय ते खरं. काही मशीनमध्ये आतले भाग कारखान्यातच कायमचं वंगण घालून येतात, त्यांना वरून ओतायचं नाही. शटल धातूचं आणि समोरून बसणारं असेल तर तिथे बहुतेक वेळा एक थेंब सांगितलेला असतो. वरून बॉबिन टाकायचं आणि खाली प्लास्टिकची वाटी असेल तर त्या वाटीला तेल लावू नका, नुसती पुसा. पण कापूस सगळ्याच मशीनमध्ये साठतो, झाडणं कुणाला चुकलेलं नाही.

प्रश्न : आमच्याकडे पावसात सगळ्यालाच बुरशी. मशीनच्या प्लेटवर गंजाचे ठिपके आलेत, प्लास्टिकची पिशवी घालून ठेवलं होतं तरी. (कुडाळ)

उत्तर : प्लास्टिकमुळेच आले. आत अडकलेली दमट हवा बाहेर जात नाही. जुन्या सुती चादरीची खोळ शिवा, मशीन ओल आलेल्या भिंतीपासून हातभर लांब ठेवा, ड्रॉवरमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका. मे संपायच्या आत सगळ्या उघड्या धातूवर तेलाचा हात फिरवून ठेवायचा आणि पावसाळाभर आठवड्यातून एकदा पाय वर करून पाच मिनिटं चालवायचं. ठिपक्यांसाठी झिरो नंबरचा पॉलिश पेपर तेलात बुडवून प्लेटवर हलक्या हाताने घासा. शटलवर गंजाचे खड्डे पडले असतील तर घासत बसू नका, शटल सुटं मिळतं, बदला.

प्रश्न : तेल घातलं आणि गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजपीसवर डाग पडला! (लातूर)

उत्तर : इस्त्री करू नका, डाग पक्का होतो. टाल्कम पावडर जाड थर देऊन रात्रभर ठेवा, सकाळी झटका, मग भांड्यांचं लिक्विड बोटाने चोळून गार पाण्यात धुवा. रेशमी असेल तर पावडरपर्यंतच थांबा आणि ड्रायक्लीनला द्या, आणि गिऱ्हाइकाला आधीच खरं सांगा.

प्रश्न : दसऱ्याला आम्ही मशीनची पूजा करतो. दर वर्षी पूजेनंतरच ते खडखड करतं, यामागे काय कारण असेल? (धुळे)

उत्तर : अक्षता आणि हळदकुंकू. माझ्या आईच्या मशीनमधून एकदा वरच्या भोकातून काडीने सात तांदूळ काढले होते, आणि हळद तर तेलात मिसळून पार पिवळा लगदा झाली होती. पूजा जरूर करा, वर्षभर ज्याने घर चालवलं त्याला हात जोडायलाच हवेत. फक्त आदल्या दिवशी, खंडेनवमीला सकाळी, मशीन पूर्ण झाडून पुसून तेल घाला, मग भोकांवर आणि सुईच्या प्लेटवर स्वच्छ रुमाल पसरा आणि हळदकुंकू, फुलं, अक्षता रुमालावर वाहा, बोट टेकवायचं तर खालच्या लाकडी फळीवर. दुसऱ्या दिवशी रुमाल चारी टोकं धरून उचलायचा, ओढायचा नाही.