आवाज थांबले, पण भाऊ अंथरुणातच असतो

प्रश्न : माझा धाकटा भाऊ 24 वर्षांचा आहे, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला होता. मागच्या वर्षी शेजारचे माझ्याबद्दलच बोलतात, मोबाईलमधनं कोणतरी नजर ठेवतंय असं म्हणायला लागला, रात्र रात्र जागा असायचा. घरच्यांनी आधी देवर्षीकडं नेलं, मग कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात दाखवलं, तिथं स्किझोफ्रेनिया सांगितलं. गोळ्यांनी कानात ऐकू येणारे आवाज थांबलेत, पण आता दिवसभर पडून असतो, आंघोळीला दहा वेळा सांगावं लागतं. आधी शाहू स्टेडियमवरची एक फुटबॉल मॅच सोडायचा नाही, आता विषयपण काढत नाही. पप्पा म्हणतात बरा झालाय, नुसता आळस आहे. आत्या म्हणते गोळ्यांनीच सुस्त झालाय, त्या बंद करा आणि लग्न लावा. मी काय करू? आणि मलापण हे होईल का?
– एक बहीण, कसबा बावडा

उत्तर : ताई, पप्पांना आधी हे सांगा की हा आळस नाही, आजार अजून चालू आहे. आवाज, संशय हे गल्लीतल्या सगळ्यांना दिसतं म्हणून लोक तेवढ्यालाच आजार समजतात. पण स्किझोफ्रेनियात माणसाची इच्छाच आटते, चेहऱ्यावर काही दिसत नाही, बोलणं एक-दोन शब्दांवर येतं, फुटबॉलसारखी जिवाभावाची गोष्टपण नकोशी होते आणि दुर्दैवानं गोळ्या आवाजांवर जेवढ्या चालतात तेवढ्या यावर चालत नाहीत. बऱ्याच घरांत पोराला सगळ्यात जास्त बोलणी याच काळात बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आत्यांचं निम्मं खरं असू शकतं. गोळ्यांनी झोप येते, अंग जड होतं, वजन वाढतं. पण ते डॉक्टरांना सांगायचं, ते डोस किंवा गोळीची वेळ बदलतात, कधी गोळीच बदलतात. आपल्या मनानं बंद करायची नाही. गोळी सोडली की दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही, त्यामुळं घरच्यांना वाटतं बघा, गरजच नव्हती, आणि मग काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी सगळं परत सुरू होतं. पहिल्या झटक्यानंतर साधारण एक-दोन वर्षं तरी औषध चालू ठेवतात. आणि जगून काय उपयोग असं काही तो बोलला तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

घरातल्या बोलण्याचा फरक पडतो, खूप पडतो. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950-60 च्या दशकांत दवाखान्यातनं घरी गेलेल्या पेशंटचा अभ्यास केला, तर ज्या घरात सारखी टीका, चिडचिड किंवा अतिकाळजी होती तिथं आजार जास्त वेळा उलटला. याचा अर्थ घरच्यांमुळं आजार झाला असा अजिबात नाही. पण दहा वेळा सांगण्यापेक्षा आंघोळीची एक वेळ ठरवा, तेव्हा टॉवेल हातात द्या आणि गप्प बसा. एखादं छोटं काम रोज त्याच्याकडं द्या, दूध आणायचं वगैरे. मॅचला लगेच ओढून नेऊ नका, एवढी गर्दी आणि आरडाओरडा आत्ता झेपणार नाही, आधी एखाद्या जुन्या मित्राला घरी बोलवा.

लग्नाचं आत्ता काढूच नका. आजार लपवून लग्न झालं की बायकोला कळेल या भीतीनं पोरं गोळ्या चोरून घेतात, मग घेतच नाहीत, आणि त्या मुलीला काय चाललंय ते कळतपण नाही. पुढं कधी करायचं झालं तर सगळं सांगूनच.

देवर्षीचं म्हणाल तर अंबाबाईला नमस्कार करा, मनाला बरं वाटतं, पण भूत काढतो म्हणून कोण बांधायला, मारायला लागलं तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे.

आता तुमचं. हा आजार साधारण 100 पैकी एकाला होतो, सख्ख्या भावंडाला असेल तर ते प्रमाण 9-10 पर्यंत जातं, म्हणजे उरलेल्या नव्वदेक जणांना होत नाही. गांजापासून लांब राहा. सलग झोप उडाली किंवा विनाकारण संशय यायला लागला तर लवकर दाखवा. आणि थकला असाल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पेशंटनंच फोन करायला पाहिजे असं काही नाही, बहिणीनं स्वतःसाठी केला तरी चालतो.