दैवी दयेचा नोव्हेना पहिल्यांदा करताना

नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. तो शुभ शुक्रवारीच (गुड फ्रायडेला) सुरू करा. तरच नववा दिवस ईस्टरनंतरच्या शनिवारी, म्हणजे दयेच्या रविवारच्या आदल्या दिवशी, येतो. ईस्टर झाल्यावर सुरुवात केली की दिवस कमी पडतात.

नेहमीचीच रोजरी (जपमाळ) घ्या. आधी स्वर्गीय पित्याची प्रार्थना, नमो मारिया आणि प्रेषितांचा विश्वासांगीकार. मग प्रत्येक मोठ्या मण्यावर पित्याला अर्पणाची प्रार्थना, दहा लहान मण्यांवर दयेची याचना, अशी पाच दशके. शेवटी ‘पवित्र देवा’ तीनदा. पन्नास वेळा तेच शब्द येतात, म्हणून वेग वाढतो आणि मन निसटते. मोठ्या मण्यापाशी क्षणभर थांबा आणि एका माणसाचे नाव मनात आणा, शक्यतो ज्याच्याशी अबोला आहे त्याचे.

दयेच्या रविवारसाठीचे पापनिवेदन (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली) पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्यात, किंवा त्याआधी केले असले तरी चालते, फक्त नंतर गंभीर पाप घडलेले नसावे. त्या रविवारी मिस्साआधीच्या रांगेत घाई होते.

दयेचा रविवार संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2000 साली जाहीर केला. त्या दिवसाचे शुभवर्तमान, योहान 20:19-31, आधीच वाचून ठेवा. पुनरुत्थित येशू पळून गेलेल्या शिष्यांना जाब विचारत नाही. तो ‘तुम्हांस शांती असो’ म्हणतो, जखमा दाखवतो आणि पापक्षमेचा अधिकार त्यांच्याच हाती देतो.