‘ग्रहीय आरोग्य’ म्हणजे शनी-मंगळाचं काही?

प्रश्न असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या काही गावांत तीन-चार विद्यापीठांचे संशोधक मिळून एक अभ्यास करताहेत. उन्हाळा, पाणी, फवारणी आणि माणसांच्या तब्येती यांचा. गावकऱ्यांच्या हातात द्यायच्या माहितीपत्रकाचं मराठी करणाऱ्या ताई दोन शब्दांपाशी अडल्या आहेत. ‘प्लॅनेटरी हेल्थ’ला मसुद्यात कोणीतरी ‘ग्रहीय आरोग्य’ लिहिलंय आणि ‘ग्लोबल हेल्थ इक्विटी’ला ‘जागतिक आरोग्य समानता’. हे चालेल का? नसेल तर काय लिहू?

पहिला शब्द चालणार नाही. दुसरा कानाला चालेल, पण अर्थ बदलेल.

मी नुसता कोश उघडून बसलो नाही. मसुद्याचा पहिला परिच्छेद शेजारच्या काकूंना वाचून दाखवला. काकू सातवीपर्यंत शिकलेल्या, वावरात रोज राबणाऱ्या. ओसरीवर तुरीची डाळ पाखडत बसल्या होत्या. ‘ग्रहीय आरोग्य’ ऐकल्याबरोबर सूप थांबलं. “हे कायचं व्हय? आता दवाखान्यातले लोकंही पत्रिका पाहून रायले काय? शनी-मंगय पाहून औषध देनार?”

काकूंचं काही चुकलं नाही. व्याकरणाने ‘ग्रहीय’ शुद्ध आहे. ग्रहाला ‘ईय’ लावला की झालं. अडचण ‘ग्रह’ या शब्दातच आहे. तो आलाय ‘ग्रह्’ या धातूवरून, म्हणजे पकडणारा, धरणारा. इंग्रजी ‘प्लॅनेट’ मुळात ग्रीक, अर्थ भटक्या. त्यांचा ग्रह फिरतो, आपला धरतो. म्हणून तर ग्रह ‘लागतात’, ‘शांत करावे लागतात’. आणि गंमत म्हणजे नवग्रहांत पृथ्वी नाहीच! रवी, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, राहू, केतू. शाळेच्या पुस्तकात पृथ्वी ग्रह असेल, पण बोलण्यातल्या ‘ग्रहा’त पृथ्वी सोडून बाकी सगळं येतं. म्हणजे ‘ग्रहीय आरोग्य’ म्हटलं की ऐकणाऱ्याचं लक्ष नेमकं पायाखालच्या मातीवरून उठतं आणि वर जातं.

आकाशाचं वावडं आहे असंही नाही. मृग निघाला का, आर्द्रा बरसल्या का, रोहिणीतला नवतपा किती तापला, हे हिशोब इथे अजून चालतात. पण ती नक्षत्रं. नक्षत्राकडून माणूस पाऊस मागतो, ग्रहाकडून फक्त सुटका मागतो.

‘पत्रिका’ या शब्दावरून असाच घोळ आधी झालेला आहे. २०१५ साली मातीपरीक्षणाची योजना आली आणि मराठीत ‘जमीन आरोग्य पत्रिका’ हातात पडू लागल्या. आमच्याकडे एका आजोबांनी ती देवघरात, नातवाच्या जन्मपत्रिकेशेजारी ठेवली होती. नत्र-स्फुरद-पालाशाचे आकडे देवाशेजारी धूप खात बसले. तेव्हा ‘ग्रह’ आणि ‘आरोग्य’ हे दोन शब्द एका कागदावर आणताना जरा जपून.

आता ‘प्लॅनेटरी हेल्थ’ या संज्ञेत काय आहे ते पाहू, कारण त्याशिवाय शब्द सापडणार नाही. रॉकफेलर फाउंडेशन आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाचा अहवाल २०१५ साली आला, तिथून ही संज्ञा विद्यापीठांत रुळली. त्यातल्या व्याख्येचा गाभा असा: मानवी संस्कृतीचं आरोग्य, आणि ती ज्या नैसर्गिक व्यवस्थांवर उभी आहे त्यांची अवस्था. म्हणजे हे पृथ्वीचं आरोग्य नव्हे, किंवा निव्वळ तिचंच नव्हे. ‘पृथ्वीचे आरोग्य’ असं षष्ठी लावून मोकळं झालात तर वाचणाऱ्याला वाटेल, झाडं लावायची योजना आहे. विषय माणसाच्या आजाराचाच आहे. फक्त त्या आजाराचं मूळ हवा, पाणी, माती, जंगल यांच्या बिघाडात शोधायचं आहे.

माणसाचं शरीर आणि निसर्ग, दोन्ही एकाच शब्दात आणणारा शब्द मराठीत आहे का? आहे, आणि तो आपण रोज वापरतो: प्रकृती. “प्रकृती कशी आहे?” म्हणजे तब्येत. “प्रकृती खालावली”, “प्रकृतीला मानवत नाही”, “व्यक्ती तितक्या प्रकृती”. हिंदीत हाच शब्द मुख्यत्वे निसर्ग या अर्थी चालतो, आणि विदर्भात हिंदी कानावर पडतच असल्याने तोही अर्थ इथल्या माणसाला परका नाही. सांख्य तत्त्वज्ञानातली प्रकृती तर अख्ख्या सृष्टीचं मूळच. (व्याकरणात प्रत्यय लागण्याआधीच्या मूळ रूपालाही प्रकृती म्हणतात, भाषेचीही तब्येत असते म्हणायची.) जी सांगड घालायला आयोग नेमावा लागला, ती या शब्दात बसलेली आहे. म्हणून माझी शिफारस: शीर्षकात ‘माणसाची आणि सृष्टीची प्रकृती’. मूळ संज्ञा ठेवायचीच असेल तर एकदा ‘प्लॅनेटरी हेल्थ’ देवनागरीत लिहा आणि पुढे जा.

‘स्वास्थ्य’ नको. मराठीत स्वस्थ म्हणजे गप्प, निवांत. “स्वस्थ बस” आपण पोराला म्हणतो. ‘वन हेल्थ’ हा तिसरा शब्द मसुद्यात कुठे असेल तर तोही काढा. माणूस, जनावर आणि पर्यावरण यांचं एकच आरोग्य असा त्याचा अर्थ. नागपुरात त्याच नावाच्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी झाली. पण ताडोबाच्या आसपास कोणालाही ‘वन हेल्थ’ म्हणून पाहा. तो म्हणेल, फॉरेस्टवाल्यांचं दिसते.

शीर्षक झालं. पण माहितीपत्रक शीर्षकावर नाही, क्रियापदावर चालतं. आणि इथे मला सगळ्यात मोठं घबाड सापडलं ते ‘लागणे’ या क्रियापदात. मसुद्यात वाक्य आहे: ‘पर्यावरणीय घटकांचा मानवी आरोग्यावर होणारा प्रतिकूल परिणाम’. काकूंना ते कळलं नाही. मी विचारलं, वावरात काय काय लागतं? त्या सुरू झाल्या. ऊन लागते. लू लागते. बोअरचं पानी लागते. फवारा लागते. एवढ्या ओघात त्यांनी अख्खा संशोधन-आराखडा सांगितला. “फवारा मारला का मह्या डोक्श्याले दुखते, हे सांगाले इद्यापीठ कायले पायजे?” असंही वर विचारलं.

हे सगळं ‘लागणं’ इथे किती खरं आहे ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो. सरकारी फलकावर त्याला ‘उष्माघात’ म्हणतात, गावात ‘ऊन लागलं’. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं; यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. ‘विषबाधा’तला ‘बाध’ही ‘लागणे’चाच सख्खा भाऊ: पाणी बाधतं, जेवण बाधतं, भूतबाधा होते. बाहेरचं काही तरी माणसाला येऊन भिडतं आणि बिघडवतं, ही कल्पना आपल्या क्रियापदांत मुरलेली आहे. ‘प्रतिकूल परिणाम’ लिहिलं की भिडणं संपतं आणि नुसता तक्ता उरतो.

आता दुसरा शब्द. ‘समानता’ आणि ‘इक्विटी’ एक नव्हेत: पहिलीत सगळ्यांना सारखं, दुसरीत ज्याला त्याला न्यायाने. संविधानाच्या मराठी उद्देशिकेत ‘दर्जाची व संधीची समानता’ आहे, ती ‘इक्वालिटी’. ‘समता’ म्हणावं तर स्वातंत्र्य-समता-बंधुता या त्रयीत ती जाऊन बसलीय, बाबासाहेबांच्या चळवळीने तिला जो अर्थ दिला तो तिथून हलवण्यात हशील नाही. शेअरबाजारवाले ‘इक्विटी’ला ‘समभाग’ म्हणतात, तो तर विषयच वेगळा. ब्रिटनमधल्या आरोग्य-संशोधक मार्गारेट व्हाइटहेड यांनी १९९०च्या सुमारास आरोग्यातल्या विषमतेची जी ओळख सांगितली ती आजही वापरात आहे: जे फरक अनावश्यक आहेत, टाळता येण्यासारखे आहेत आणि वर अन्याय्य आहेत. म्हणजे ‘न्याय’ शब्दात हवाच.

आणि असा शब्द मराठीत घडून तयार आहे: समन्यायी. तो डॉक्टरांनी नाही, पाण्याच्या भांडणांनी घडवला. २००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यानंतर ‘समन्यायी पाणीवाटप’ वर्तमानपत्रांतून इतकं आलं की शेतकऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. तेव्हा ‘आरोग्यातला समन्याय’ किंवा ‘समन्यायी आरोग्य’. ‘जागतिक’ तसंच राहू द्या. जागतिक बँक, जागतिक आरोग्य संघटना यांनी तो रुळवलाय. ‘वैश्विक’च्या नादी लागू नका.

फरक उदाहरणाने सांगायचा असेल तर आपल्याच आरोग्य खात्याचा निकष घ्या. साध्या भागात ५००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, आदिवासी आणि डोंगराळ भागात ३०००मागे एक. समानतेच्या काट्यावर तोललं तर हा पक्षपात. समन्यायाच्या काट्यावर अगदी बरोबर, कारण मेळघाटात किंवा भामरागडात उपकेंद्रापर्यंत चालत जायचं अंतर साध्या भागासारखं नाही. मी हे काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “म्हंजे ज्याले जेवढं लागते तेवढं.” पाहा, पुन्हा तेच क्रियापद! ऊन ‘लागतं’ म्हणजे इजा होते, औषध ‘लागतं’ म्हणजे गरज असते. ज्याला जास्त लागलं त्याला जास्त लागतं. माहितीपत्रकातला इक्विटीचा अख्खा परिच्छेद या एका वाक्यावर बसेल. मी तुमच्या जागी असतो तर तो परिच्छेद काढून हेच वाक्य ठेवलं असतं.

ताईंनी विचारलेलं नाही, पण मसुद्यात आणखी एक शब्द खटकला: ‘सहयोगी विद्यापीठे’. चुकीचा नाही, गुळगुळीत आहे. गावात माणसं एकत्र येऊन काम करण्याचे दोन प्रकार ठाऊक असतात. एक सावड: माझा बैल, तुझा बैल, आज तुझं वावर, उद्या माझं. दुसरी बटई: जमीन एकाची, राबणं दुसऱ्याचं, पिकाची वाटणी आधी ठरलेली. परदेशातलं विद्यापीठ, पुण्या-मुंबईचं विद्यापीठ, इथलं महाविद्यालय आणि दारोदार फिरून रक्तदाब मोजणारी आशाताई, यांचं नातं यातलं कोणतं, हे गावकरी दोन भेटींत ओळखतो. सावड असेल तर ‘सावड’ लिहा, लोक खूश होतील. बटई असेल तर ‘सहयोगी’च राहू द्या.

लोकांना विचारून नाव ठेवण्याची वाट आपल्याकडे नवी नाही. गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९८६पासून काम मांडलं, तिथल्या रुग्णालयाचं नाव ‘माँ दंतेश्वरी दवाखाना’ आहे, आदिवासींच्या देवीचं. गावात बाळांची काळजी घेणाऱ्या बाया तिथे ‘आरोग्यदूत’ आहेत.

किरकोळ दुरुस्त्या. ‘तुमचा नमुना घेण्यात येईल’ हे वाक्य बदला. नमुना म्हणजे गाव-नमुना आठ-अ, नाहीतर “काय नमुना आहे!” मधला. ‘थोडं रक्त तपासायला घेऊ’ लिहा, किती ते चमच्यात सांगा. ‘उत्तरदाता’ नको, ‘तुम्ही’ पुरे. ‘फील्ड’ तर कुठेच नको. आमच्याकडे फील्डला वावर म्हणतात आणि त्याला मालक असतो. ‘अभ्यासक्षेत्र’ लिहिलेल्या जागी गावाचं नाव घाला.

काकूंना सुधारलेला परिच्छेद काल पुन्हा वाचून दाखवला. सूप थांबलं नाही. फक्त ‘फवारणी’पाशी म्हणाल्या, कोणत्या औषधाचा फवारा ते लिहा, सगळे सारखे लागत नाहीत.